रेडिओ मोडेमच्या पुढील आवृत्तीत नेमके काय मागावे?

मकरपुऱ्याचा कारागीर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) आमचा छोटा व्यवसाय आहे. एका ग्राहकाच्या १४ ठिकाणच्या पाण्याच्या पातळीची आणि पंपांची माहिती रेडिओ मोडेमवरून, म्हणजे बिनतारी लहरींनी माहिती पाठवणाऱ्या यंत्रावरून, नियंत्रण कक्षात आणण्याचे काम गेली सहा वर्षे आमच्याकडे आहे. नऊ ठाणी शहरातील उंच टाक्यांवर आहेत, तीन विश्वामित्री नदीच्या काठाला आहेत आणि दोन आजवा तलावाच्या बाजूला, कक्षापासून साधारण २० किलोमीटरांवर आहेत. सगळे रेडिओ ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या परवानामुक्त पट्ट्यात, १ वॅट शक्तीवर आणि सेकंदाला ९६०० बिट या वेगाने चालतात.

रेडिओ बनवणाऱ्या कंपनीने पुढील आवृत्तीत करावयाच्या सुधारणांची यादी पाठवली असून, त्यांतील कोणत्या तीन आम्हांला सर्वांत आधी हव्यात ते महिनाअखेरपर्यंत कळवावे असे म्हटले आहे. यादीत आठपट वेग, एईएस-२५६ कूटबद्धता (किल्लीशिवाय निरोप कोणाला वाचता येऊ नये यासाठी), वीज वाचवणारी निद्रावस्था, दुरून फर्मवेअर (रेडिओच्या आतील प्रणाली) बदलण्याची सोय, सिग्नल आणि व्होल्टेज यांची रेडिओतच राहणारी नोंद, आणि रेडिओ बंद पडल्यास सिमकार्डवरून माहिती पाठवणे, एवढ्या गोष्टी आहेत. ग्राहकाचा ओढा वेगाकडे आहे, कारण पावसाळ्यात आजव्याकडची दोन ठाणी दिवसातून अनेकदा दिसेनाशी होतात आणि वेग वाढला की हे थांबेल अशी त्यांची समजूत आहे. आमच्या सहकाऱ्याच्या मते पाऊसच लहरी शोषून घेतो, त्यामुळे कोणतीही सुधारणा मागितली तरी उपयोग नाही. मला दोन्ही पटत नाही, पण खोडून काढण्याइतका माझा अभ्यास नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त बिनतारी

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे १० गिगाहर्ट्‌झच्या वरच्या मायक्रोवेव्ह जोडणीला लागू पडले असते. ८६६ मेगाहर्ट्‌झवर कितीही मुसळधार पाऊस असला तरी २० किलोमीटरांत एका डीबीचा (डेसिबल, म्हणजे सिग्नलची घट-वाढ मोजण्याचे माप) अंशही जात नाही. पाऊस दोषी आहे, पण वेगळ्या वाटेने.

आधी हिशेब पाहा. या अंतरावर मोकळ्या हवेत होणारी घट सुमारे ११७ डीबी आहे. १ वॅट म्हणजे ३० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डीबीत मोजलेली शक्ती). दोन्ही टोकांना ६ डीबीचे अँटेना धरले आणि केबलमध्ये एकूण ४ डीबी गेले, तर पलीकडे उणे ७९ डीबीएम पोहोचायला हवे. ९६०० च्या वेगाला आपल्या रेडिओची ग्रहणक्षमता (त्याला उमगणारा सर्वांत क्षीण सिग्नल) उणे १०८ च्या आसपास असेल, तर कागदावर २९ डीबींची उसंत आहे. मग ती जाते कुठे? दोन अँटेनांना जोडणारी सरळ रेषा दिसली म्हणजे झाले, असे आपण समजतो. परंतु त्या रेषेभोवती फुगीर विटीच्या आकाराची जागा मोकळी लागते, आणि २० किलोमीटरांच्या मध्यावर तिची त्रिज्या सुमारे ४२ मीटर भरते. त्यातील साठ टक्के, म्हणजे २५ मीटर, तरी मोकळे हवेत आणि पृथ्वीच्या वक्रतेचे आणखी सहा मीटर त्यात मिळवावे लागतात. आपला मनोरा १५ मीटरांचा असेल तर वाटेतील झाडे त्या जागेत शिरलेलीच आहेत. उन्हाळ्यात पानगळीमुळे निभावून जाते. आषाढात तीच झाडे पालवतात, पाने ओली होतात आणि उसंत संपते.

आता वेगाविषयी. वेग आठपट केला की ग्रहणक्षमता साधारण ९ डीबींनी घटते, म्हणजे आधीच फाटक्या ठिकाणी आणखी ओढल्यासारखे होईल. शिवाय वेगाची आपल्याला गरजच नाही. मोडबसवर, म्हणजे यंत्रांच्या आपसांत बोलण्याच्या ठरावीक भाषेत, दहा रजिस्टर (आकड्यांचे कप्पे) वाचण्यासाठी विचारणा ८ बाइटांची आणि उत्तर २५ बाइटांचे असते. ९६०० च्या वेगाने ते ३३ बाइट जायला जेमतेम ३५ मिलिसेकंद लागतात. बाकीचा वेळ रेडिओने ऐकण्यावरून बोलण्यावर येण्यात आणि ठाण्यावरील यंत्राने उत्तर जुळवण्यात जातो, आणि तो वेग वाढवून कमी होत नाही. ग्राहकाला हे आकडे कागदावर मांडून दाखवा.

आणखी एक, आणि हे मी स्वतःच्या हातांनी पाहिलेले आहे. पावसात बंद पडलेल्या ठाण्यावर गेल्यावर मी प्रथम रेडिओकडे पाहत नसे. अँटेनाच्या मुळाशी असलेल्या कनेक्टरवरची टेप सोडत असे. आत मधली पिन हिरवट झालेली, आणि केबल कापली की हातभर अंतरापर्यंत आतली तारांची जाळी काळी पडलेली. पाणी एकदा जाळीत शिरले की वातीत तेल चढावे तसे आत सरकते. केबल पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिलेला नसेल तर ते पाणी थेट रेडिओपर्यंत पोहोचते. टाक्यांवर पातळ आरजी-५८ केबल वापरली असेल तर ती आजच काढा: २० मीटरांत ती ९ डीबी खाते, तर जाड एलएमआर-४०० अडीच डीबींच्या आसपास.

दांडिया बाजारकर

वरील हिशेबाशी सहमत आहे. परंतु मूळ प्रश्न असा की, आज चौथ्या पिढीचे सिमकार्ड सहज मिळत असताना स्वतःचे रेडिओ जाळे सांभाळायचेच कशाला? शहरातील नऊ ठाणी तरी सिमवर न्यावीत. मनोरे नकोत, झाडांची कटकट नको, आणि उत्तरायणात अँटेनाला गुंतलेला मांजा सोडवत बसणे नको. गेल्या जानेवारीत आमच्या एका यागी अँटेनाच्या दोन कांड्या पतंगाच्या ओढाताणीत अक्षरशः वाकल्या होत्या, आणि वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या, दिवशी गच्चीवर चढून त्या सरळ करायला मीच गेलो होतो.

निवृत्त बिनतारी

मांजाबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये काळा घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हाचे आठवा. धोक्याची पातळी २६ फूट. आमच्या भागात वीज गेली आणि काही तासांनी मोबाईलचे मनोरेही बॅटरी संपून गप्प झाले. नदीकाठच्या पातळीमापकाची खरी गरज ज्या रात्री असते, नेमक्या त्याच रात्री सिम दगा देण्याची शक्यता सर्वाधिक असते. टाक्यांसाठी सिम जरूर वापरावे. नदीसाठी ते दुसरा आधार म्हणूनच ठेवावे.

वाडीचा स्काडावाला

कूटबद्धतेला येथे कोणी हात घातलेला नाही म्हणून लिहितो. केवळ पातळी वाचायची असेल तर ती कोणी ऐकली तरी बिघडत नाही. परंतु त्याच रेडिओवरून पंप चालू-बंद होत असतील तर प्रश्न गुप्ततेचा राहत नाही, खरेपणाचा होतो. साध्या मोडबसमध्ये आज्ञा कोणी दिली हे तपासण्याची सोयच नाही. १९७९ मध्ये तो कारखान्याच्या आतील तारांसाठी तयार झाला, तेव्हा ही गरज नव्हती. कालची ‘पंप चालू’ ही आज्ञा टिपून ठेवून आज पुन्हा सोडली तरी यंत्र ती मुकाट्याने मानते. म्हणून कंपनीला १२८ की २५६ हे विचारू नका, १२८ पुरेसे आहे. प्रत्येक निरोपाला चढता क्रमांक आणि खरेपणाची खूण जोडली जाते का, आणि कूटबद्धतेची किल्ली बदलायची झाल्यास १४ ठिकाणी शिडी लावावी लागेल का, हे विचारा. आम्ही ज्या जाळ्यात काम केले तेथे सर्व रेडिओंत कारखान्यातून आलेली एकच किल्ली होती आणि ती पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला स्केच पेनने लिहिलेली होती.

जाता जाता: कोणी स्वस्तात ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झचे अमेरिकन रेडिओ सुचवले तर घेऊ नका. आपल्याकडे त्या पट्ट्याचा मोठा भाग मोबाईलसाठी आहे. परवानामुक्त पट्टा मात्र २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढला आहे, तेव्हा नव्या आवृत्तीत ती वाढीव जागा वापरता येईल का, हेही विचारून ठेवावे.

मकरपुऱ्याचा कारागीर

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही दूरच्या ठाण्यांवर जाऊन आलो. एका ठिकाणी कनेक्टर वर वर्णन केला आहे तसाच हिरवा निघाला. दुसऱ्या ठिकाणी तो कोरडा होता, पण बॅटरीचे व्होल्टेज सकाळी ११.४ होते, म्हणजे ती जवळजवळ उतरलेली होती. रेडिओ ऐकत असताना १०० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास. सलग पाच दिवस आभाळ भरलेले राहिले तर १२ गेले, आणि आम्ही १८ ची शिसे-आम्ल बॅटरी बसवली आहे, जी निम्म्याच्या खाली उतरवू नये. चूक रेडिओची नव्हतीच. ही नोंद रेडिओने आपणहून पाठवली असती तर सहा वर्षांत तीन पावसाळे वाया गेले नसते. नदीकाठच्या ठाण्यांवर तर पावसाळ्यात जायचेच जिवावर येते. मागच्या वेळी पेटीपासून पंधरा-वीस पावलांवर मगर पहुडली होती, आणि आमचा मुलगा स्क्रूड्रायव्हर पेटीतच टाकून परतला.

म्हणून पहिली मागणी सिग्नल, व्होल्टेज आणि तापमान यांच्या नोंदीची, दुसरी निद्रावस्थेची आणि तिसरी निरोपाच्या खरेपणाची, अशी कळवत आहे. वेग नको असे स्पष्ट लिहिले आहे. दूरच्या ठाण्यांसाठी वाटेतील एका उंच टाकीवर रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा रेडिओ) बसवण्याचा खर्च ग्राहकापुढे वेगळा मांडतो.

वाडीचा स्काडावाला

निवड योग्य आहे. निद्रावस्थेची एक अट मात्र नीट लिहून घ्या. झोपलेला रेडिओ कक्षाची हाक ऐकत नाही, त्यामुळे नदीचे पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ठाण्याने स्वतः जागे होऊन कळवले पाहिजे आणि पाणी उतरेपर्यंत जागेच राहिले पाहिजे. ही सोय नसेल तर नदीवरच्या तीन ठाण्यांना निद्रावस्था लावू नका. तेथे मोठी बॅटरीच बसवा.