'वावडं' म्हणावं की 'ॲलर्जी'? आणि मार्करला मराठीत काय म्हणायचं?

शाहूपुरीचा भाचा
मामी, वय ६८. तीन आठवड्यांपासून इन्सुलिन चालू आहे. गेल्या आठवड्यापासून पोटावर टोचलं की अर्ध्या तासात रुपयाएवढी गांध उठते, खाजते आणि रात्रीपर्यंत जिरते. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्यात: टोटल आयजीई (आयजीई म्हणजे ॲलर्जीतला प्रतिपिंड, अँटीबॉडी), इन्सुलिनचा स्पेसिफिक आयजीई, इओसिनोफिल (एका जातीच्या पांढऱ्या पेशी). मामींना सांगितलं, ॲलर्जीचे मार्कर बघायचेत, म्हणजे रक्तातल्या खुणा. तर म्हणाल्या, "खुणा पोटावर दिसत्यात की रं, आणि रक्त कशाला काढायचं?" मला उत्तर सुचेना.
मार्करला नेमका शब्द कोणता? आणि मामी सरळ 'वावडं' म्हणतात, ते चालेल का?

पंचगंगा
'दर्शक' म्हणा.

आमसूल
दर्शक टीव्हीपुढं बसतात. आणि 'निदर्शक' म्हणाल तर ते कलेक्टर ऑफिससमोर बसतात.

लॅबकोट
राजारामपुरीत लॅबमध्ये काम करतो. आम्ही दिवसभर 'मार्कर'च म्हणतो. पण मराठीच हवं असेल तर 'सूचक' घ्या. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदकही लागतो, तसंच हे. टोटल आयजीई हा नुसता सूचक. दमा असला, पोटात जंत असले, धुळीचा त्रास असला तरी तो वाढतो. त्याच्यावरून इन्सुलिनचा ठराव मंजूर होत नाही. इओसिनोफिलचंही तेच. स्पेसिफिक आयजीई नेमका इन्सुलिनविरुद्धचा प्रतिपिंड मोजतो, म्हणून त्याचं वजन जास्त. तरी अनुमोदक म्हणून त्वचेची चाचणी आणि टोचल्यावर किती वेळात काय झालं याची हकिगत लागतेच.
आयजीजी, म्हणजे दुसऱ्या जातीचा प्रतिपिंड, ही आणखी वेगळी भानगड. इन्सुलिन घेणाऱ्या कितीतरी लोकांच्या रक्तात इन्सुलिनविरुद्धचे आयजीजी प्रतिपिंड सापडतात आणि त्यांना साधी खाजसुद्धा नसते. रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' वाचून लोक घाबरून फोन करतात.
अंगभर पुरळ, धाप, चक्कर असं काही झालं तर आधी थेट दवाखाना गाठायचा. तिथं ट्रिप्टेज बघतात. ॲलर्जीत फुटणाऱ्या मास्ट पेशींतून सुटणारं ते विकर (एन्झाइम) तास-दोन तासांत चढतं आणि दिवसभरात उतरतं. आमच्याकडे लोक दुसऱ्या दिवशी नाष्टा करून निवांत येतात, तोवर सूचक सभा सोडून गेलेला असतो.

पंचगंगा
सूचक मान्य. आता 'वावडं'. शब्द अस्सल आहे, पण इथं मला तो धोक्याचा वाटतो. आमच्या आजीला वांग्याचं वावडं होतं, म्हणून घरात वांगं शिजतच नव्हतं. वावडं म्हटलं की ती वस्तू टाळायची, हे शब्दातच बसलेलं आहे. इन्सुलिनचं वावडं म्हणालात तर मामी उद्या इन्सुलिन सोडतील. इथं सोडणं हा उपाय नाही. डॉक्टर इन्सुलिनचा प्रकार बदलतात, खाजेची गोळी देतात, फारच झालं तर अगदी थेंबाथेंबानं सुरू करून शरीराला सवय लावतात.
शिवाय वावडं कशाचं, हे तरी कुठं ठरलंय?

लॅबकोट
बरोबर. मामींचं इन्सुलिन पांढुरकं आहे का, टोचण्याआधी तळहातात घोळवावं लागतं तसलं? असेल तर त्यात बहुधा प्रोटामीन असतं, माशाच्या शुक्रपेशींतून काढलेलं प्रथिन. त्याचीही ॲलर्जी होते. टिकावं म्हणून घातलेल्या मेटाक्रेसॉलची होते, बुचातल्या रबराचीसुद्धा होऊ शकते. पूर्वी गाई-डुकरांचं इन्सुलिन होतं तेव्हा हा त्रास फार. गाईच्या इन्सुलिनमध्ये माणसाच्यापेक्षा तीन अमिनो आम्लं वेगळी, डुकराच्यात एक. १९८२ साली जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं, तेव्हापासून प्रमाण खूपच खाली आलं.

आमसूल
आमच्या घरी असल्या गांधीला 'पित्त उठलं' म्हणतात आणि आमसुलाचं पाणी चोळतात. (माझं टोपणनाव तिथूनच.) त्या पित्ताचा यकृतातल्या पित्ताशी संबंध नाही, गांध उठवणारं असतं ते हिस्टामीन. पण चोळल्यावर गार वाटतं, हे खरं.
आणि ॲलर्जीला पुस्तकांतला 'अधिहर्षता' हा शब्द कुणी आठवला नाही?

पंचगंगा
आठवला, पण मामींना सांगून बघा! त्यांना वाटेल भाच्याला फार आनंद झालाय. खरं तर त्यातला 'हर्ष' रोमहर्षातला आहे, अंगावर काटा येणं, शहारणं. शब्द करणाऱ्यानं विचार केला होता, वापरणाऱ्यापर्यंत तो पोचला नाही. 'ॲलर्जी' तरी कुठं जुना आहे? पिर्के नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरनं १९०६ मध्ये ग्रीक 'अलॉस' म्हणजे वेगळं आणि 'एर्गॉन' म्हणजे काम, यांतून तो घडवला.
जाता जाता, इओसिनोफिलमधला 'इओसिन' हा त्या पेशींवर चढणारा लालसर रंग, त्याला नाव दिलं इऑस या ग्रीक पहाटदेवीचं. ती आणि आपली उषा शब्दकुळानं सख्ख्या बहिणी. मामींच्या रिपोर्टात वेद सापडला म्हणा.

शाहूपुरीचा भाचा
सगळ्यांचे आभार. इन्सुलिन पांढुरकंच आहे, उद्या डॉक्टरांना प्रोटामीनबद्दल विचारतो. मामींना सूचक-अनुमोदक सांगितलं. मामा आयुष्यभर कारखान्याच्या सभांना जात होते, त्यामुळे लगेच कळलं. 'वावडं' सोडायला मात्र तयार नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं, मानवंना म्हणू. मानवंना झालं तर माणूस दुसरं मागून घेतंय." आणि रात्रीची सुई न कुरकुरता घेतली.