पेडलचा आवाज लॅपटॉपवर उतरवला, पण क्लीन मिसळला की खर्ज गायब. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. लग्नं, गणपती, असे कार्यक्रम करणाऱ्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. माझ्याआधी आमच्यात बेस वाजवणारे काका आता मुलाकडे पुण्याला कायमचे निघालेत. त्यांचं टेक २१ चं सॅन्सअँप बेस ड्रायव्हर डीआय पेडलही (बेसचा आवाज घडवणारं, पायाजवळ ठेवायचं यंत्र) त्यांच्याबरोबर जाणार. "पंधरा दिवस ठेव, काय काढून घ्यायचं ते घे," म्हणाले. त्यातले सहा दिवस गेले.

या पेडलवर काकांनी प्रत्येक नॉबपाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. ड्राइव्हचा (आवाज किती करकरीत ते ठरवणारा नॉब) ठिपका घड्याळात दहा वाजतात त्या जागी, प्रेझेन्सचा (वरच्या आवाजाची धार) त्याच्याही खाली. फक्त ब्लेंडला (बेसचा मूळ, म्हणजे क्लीन आवाज आणि पेडलचा आवाज किती मिसळायचा ते ठरवणारा नॉब) दोन ठिपके आहेत: एक मंगल कार्यालयाचा, एक उघड्या मैदानाचा. कार्यालयात घुमतं म्हणून तिथे क्लीन जास्त, मैदानात पेडलचा आवाज जास्त. बाकी सगळं वर्षानुवर्षं तसंच. मला नेमका हाच आवाज हवाय, आणि ब्लेंड फिरता हवाय.

माझं आजोळ मिरजेचं. लहानपणी सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जवारी काढताना बघत बसायचो. मूळ सूर तोच, पण वरचे सूर किती उमलतात यावर वाद्याचा जीव ठरतो, हे तिथे कानाला कळलं. काकांच्या पेडलमध्ये मला तेच ऐकू येतं. म्हणून 'साधारण तसा' आवाज नकोय.

केलं ते असं. आधी आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, यंत्राच्या आवाजाचा एक ठसा) घेऊन पाहिला, तो उपयोगाचा नाही. आयआर इक्वलायझरचा भाग तेवढा पकडतो. तार हळू छेडा की जोरात, त्याला फरक नाही. ड्राइव्ह तर त्या जोरावरच बदलतो. मग न्यूरल अँप मॉडेलर घेतला, यंत्राचा आवाज शिकून त्याची नक्कल (मॉडेल) करणारं सॉफ्टवेअर, फुकट आणि ओपन सोर्स आहे. त्याची सुमारे तीन मिनिटांची चाचणी फाइल ४८ किलोहर्ट्झला इंटरफेसमधून (लॅपटॉपला जोडायचं ऑडिओ यंत्र) बाहेर काढली, रीअँपसाठी (रेकॉर्ड केलेला आवाज परत पेडलमध्ये घालायला) मी केलेल्या डब्यातून (आत एक छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि लेव्हल कमी करायला पॉट) पेडलमध्ये घातली, आणि पेडलचं आउटपुट परत रेकॉर्ड केलं. ब्लेंड पूर्ण पेडलकडे ठेवला होता. ट्रेनिंगनंतर एरर (मूळ आणि नक्कल यांतला फरक, जितका कमी तितका बरा) ०.००६ आली. मॉडेल एकटं वाजवलं तर डोळे मिटून पेडल कुठलं, मॉडेल कुठलं ते मला सांगता आलं नाही.

घोळ पुढे आहे. ब्लेंड फिरता राहावा म्हणून लॅपटॉपवर मॉडेलशेजारी बेसचा सरळ क्लीन ट्रॅक ठेवला. दोन्ही वेगवेगळे ऐकले तर दोन्हींत खर्ज भरपूर. एकत्र केले की खालची मोकळी ई तार, ४१ हर्ट्झची, कागदासारखी पातळ होते. मीटरही खाली येतो. उशिराचा प्रश्न असेल म्हणून एक ट्रॅक २४ सॅम्पल मागेपुढे केला, तर वरचा आवाज बदलला, खर्ज होता तसाच. पेडलवर हाच ब्लेंड मध्यावर ठेवला तर असं काही होत नाही.

कुठे चुकतंय? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १ (साताऱ्याहून)

दादा, २४ सॅम्पल म्हणजे अर्धा मिलिसेकंद. ४१ हर्ट्झच्या एका लाटेला २४ मिलिसेकंद लागतात, तिला त्याचं काय? तेवढ्या उशिराने एक किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज बदलतो, म्हणून तुम्हाला वरचा फरक ऐकू आला. खर्ज जातोय म्हणजे दोघांतला एक उलटा आहे. क्लीन ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली बाजू) उलटी करून बघा. माझा संशय तुमच्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरींवर आहे. तिथे सिग्नल उलटला तर मॉडेल तो उलटेपणाही शिकणार.

पण एवढ्यावर थांबू नका. या पेडलवर ब्लेंड शून्यावर नेला तरी बेस आणि ट्रेबलचे नॉब चालू राहतात, म्हणजे काकांचा क्लीनसुद्धा त्या दोन नॉबांतून जातो. तुमचा क्लीन कोराच आहे. त्यापेक्षा त्याच ठिपक्यांवर, त्याच डब्यातून दोन मॉडेलं काढा: एक ब्लेंड शून्यावर, एक पूर्ण. मग त्या दोघांत मिसळा. डबा दोन्हीकडे सारखाच असल्याने दोन्ही एकाच बाजूचे राहतील.

आणि डब्याचा पॉट अंदाजाने ठेवू नका. आधी बेस थेट पेडलमध्ये लावून जोरात वाजवा, आउटपुटची लेव्हल लिहून ठेवा. मग त्याच वाजवण्याचं रेकॉर्डिंग डब्यातून पाठवून ती जुळवा. इंटरफेसच्या लाइन आउटचा सिग्नल बेसपेक्षा खूप मोठा असतो, तसाच गेला तर मॉडेलचा ड्राइव्ह खोटा येतो.

धागाकर्ता

खूप आभार. डबा उघडला, ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूच्या दोन वायरी उलट डकवल्या होत्या. सुधारल्या, लेव्हल जुळवली, दोन्ही मॉडेलं नव्याने काढली. खर्ज जागेवर आला. दोन ठिपक्यांच्या जागा कानाने जुळवाव्या लागल्या. नॉब मध्यावर म्हणजे आवाज निम्मानिम्मा, असं नसतं.

काल काका घरी आले, स्वतः वाजवून पाहिलं. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी धरला आणि थांबले. "हा सूर हलतोय रे." लक्ष दिलं तर खरंच, सेकंदाला एकदा फुगत होता. तो जी ४९ हर्ट्झचा, विजेची घरघर ५० ची. लॅपटॉपचा चार्जर काढला, बॅटरीवर चालवलं, सूर स्थिर.

पेडल रविवारी जाणार. त्याआधी ड्राइव्ह जरा वर ठेवून अजून एक जोडी काढायची आहे. ड्राइव्ह वाढवल्यावर एकूण आवाजही वाढतो, तर रेकॉर्डिंगची इनपुट लेव्हल पहिल्या जोडीसारखीच ठेवावी की नव्याने लावावी?