मदत हवी आहे: बोअरचं पाणी पास, शेवटच्या निप्पलचं नापास

नमस्कार मंडळी,

आमच्या ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्यांच्या) शेडला बोअरचं पाणी आहे. बोअरमधून वरच्या टाकीत, तिथून फिल्टर, मग डोझर (पाण्यात औषध मोजून सोडणारं यंत्र) आणि पुढे निप्पल लाइन, म्हणजे चोचीने दाबलं की पाणी सोडणाऱ्या तोट्यांचा पाइप. तपासणीला आलेल्या पशुवैद्यकांनी पाण्याचा अहवाल मागितला, म्हणून या वेळी दोन नमुने दिले: एक बोअरवरचा, एक लाइनच्या टोकाच्या निप्पलचा. बोअरचा अगदी स्वच्छ आला. टोकाच्या नमुन्यात मात्र कोलिफॉर्म आणि ई. कोलाय हे दोन्ही जिवाणू निघाले.

टाकीत ब्लीचिंग पावडर रोज पडते. पाण्याचा पीएच ८.२ आहे आणि लोह लिटरला ०.५ मिलिग्रॅम. दुसऱ्या आठवड्यापासून पिल्लांची विष्ठा पातळ होते, निप्पलखालचं तूस ओलं राहतं. पक्षी मलूल बसलेले बघवत नाहीत आणि दर वेळी औषधाकडे धावायचं हेही मनाला पटत नाही.

पावडर पडत असूनही हे का होतंय? शेडमध्ये पिल्लांची बॅच असताना लाइन कशी साफ करावी? पाण्यातून लस द्यायची तेव्हा क्लोरीनचं काय करायचं? आणि नियमाप्रमाणे कोणत्या नोंदी हाताशी हव्यात? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

ताई, दोन्ही टोकांचे नमुने दिलेत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण फक्त बोअरचा अहवाल फाइलला लावतात, पण पक्षी बोअरवर पाणी पीत नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ८.२ मध्ये आहे. पावडरीतलं क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतं आणि जंतू मारण्याचं खरं काम हायपोक्लोरस आम्ल करतं. पीएच ७.५ असेल तर ते साधारण निम्मं असतं, ६.५ ला ९० टक्क्यांच्या आसपास, आणि ८.२ ला जेमतेम सहावा हिस्सा. त्यात ब्लीचिंग पावडर स्वतः पीएच चढवते आणि तिचा चुन्याचा गाळ निप्पलमध्ये बसतो. लोहही क्लोरीन खातं, लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की लोहावर वाढणारे जिवाणू पाइपात थर धरतात.

उरलेलं काम ब्रूडिंग (लहान पिल्लांना उबेत ठेवण्याचा काळ) करतं. पहिल्या आठवड्यात शेड गरम, पिल्लं पितात थोडंसं, त्यामुळे लाइनमधलं पाणी कोमट होऊन तसंच उभं राहतं. त्यात गोड व्हिटॅमिन किंवा ग्लुकोज सोडलं की बायोफिल्मला (पाइपात आतून चिकटणाऱ्या जंतूंच्या थराला) आयतं खाद्य. पाइपाचं टोक उघडून आत बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तोच तुमचा ई. कोलायचा साठा.

बॅच चालू असताना हा थर तीव्र रसायनाने एकदम सोडवू नका. त्याचे तुकडे निप्पल अडवतात आणि पक्ष्यांच्या पोटात जातात. सध्या रोज जास्त दाबाने लाइन फ्लश करा, ब्रूडिंगमध्ये दिवसातून दोन-तीनदा आणि प्रत्येक औषध किंवा व्हिटॅमिननंतर लगेच. पावडर बंद करून सोडियम हायपोक्लोराईट घ्या. ५ टक्क्यांचं असेल तर १००० लिटरला ६० मिली म्हणजे ३ पीपीएम (लिटरला ३ मिलिग्रॅम). पण हा हिशेब झाला टाकीचा. मोजायचं टोकाच्या निप्पलवर, डीपीडी किटने (रंगावरून क्लोरीन मोजणारा संच); तिथे मुक्त, म्हणजे अजून खर्ची न पडलेलं, क्लोरीन २ ते ४ पीपीएम दिसलं पाहिजे. पीएच सायट्रिक किंवा दुसऱ्या चालणाऱ्या आम्लाने ६ ते ६.८ वर आणा. फार खाली नेलंत तर पक्षी पाणी कमी पितात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: आम्ल आणि क्लोरीन एका बादलीत कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींचे डोझर वेगळे, मापंसुद्धा वेगळी.

बॅच गेली की मात्र पूर्ण सफाई. लाइन फ्लश करा, पाइपाला चालणारं स्थिर केलेलं हायड्रोजन पेरॉक्साईड लेबलवरच्या प्रमाणात भरा, प्रत्येक निप्पल दाबून ते शेवटपर्यंत पोचलंय हे बघा, २४ तास ठेवा, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा फ्लश. क्षार जमले असतील तर आम्लाची पाळी त्यानंतर, वेगळी. पुढची पिल्लं येण्याआधी ताजं क्लोरीनयुक्त पाणी भरून घ्या.

प्रतिसाद २

लसीबद्दल: क्लोरीन, पेरॉक्साईड, आम्ल सगळं लसीच्या ४८ तास आधी थांबवा आणि नंतर २४ तास सुरू करू नका. जिवंत लस क्लोरीनने मरते. पाण्यात आधी लिटरला साधारण २.५ ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर विरघळवा, मग लस. ही पावडर लाइनमध्ये मागे राहते, तेव्हा नंतरचा फ्लश चुकवू नका.

नियमांचं म्हणाल तर जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत स्पष्ट आहे: कुक्कुटशेडचं पाणी जागतिक आरोग्य संघटनेच्या किंवा त्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्यायोग्य हवं, दूषित झाल्याची शंका आली तर जिवाणू तपासणी हवी, आणि दोन बॅचमध्ये शेड रिकामी असताना पाण्याची यंत्रणा निर्जंतुक करायला हवी. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलीत ई. कोलाय आढळता कामा नये. म्हणून पाणी अहवाल, टोकावरचं क्लोरीन आणि पीएच, फ्लश व सफाईच्या तारखा, वापरलेल्या रसायनाचं नाव आणि प्रमाण, पाण्यातून दिलेली औषधं आणि त्यांचा विक्रीपूर्व थांबा-काळ, एवढं एका वहीत ठेवा. रोजचं पाणी मीटर वाचन पण लिहा. पिणं अचानक बदललं तर आजार बहुधा तिथेच आधी दिसतो.

आणि टाकीला झाकण आहे ना? रानपक्ष्यांची विष्ठा पाण्यात पडणं म्हणजे बर्ड फ्लूला वाट मोकळी.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. टाकीला झाकण आहे, पण ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी नाही, ती आजच बसवते. डीपीडी किट मिळालं की टोकाचं वाचन इथे लिहिते. एक राहिलं: पुढचा नमुना घेताना क्लोरीनमुळे निकाल खोटाच चांगला यायला नको, त्यासाठी बाटली कशी हवी?

प्रतिसाद १

प्रयोगशाळेकडून सोडियम थायोसल्फेट घातलेली निर्जंतुक बाटली मागा, ते नमुन्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे निकामी करतं. बाटली आतून धुवू नका, बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांच्या आत पोचवा.