मदत हवी आहे: मोडी येते, पण कागद वाचता येत नाही

भाची इतिहासात एमए झालीये. पेशवाईतली ग्रामण्यं, म्हणजे कोणाला वाळीत टाकलं, प्रायश्चित्त काय दिलं, यावर पीएचडी करायचीय. मोडी शिकलीये, पण कित्त्यातली! परवा पेशवे दफ्तरातल्या एका कागदाची नक्कल घेऊन बसली. दोन तासांत चार ओळी. तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे पुढची तारीख चांद्र महिन्याची, हेच कळायला अर्धा तास गेला.

सदाशिव पेठ-डेक्कन भागात संध्याकाळी जुने कागद सोबत बसून वाचून घेणारं कोणी आहे का? फी देऊ. फारसी आत्ताच सुरू करावी की नंतर? आणि नेट (प्राध्यापकीसाठीची परीक्षा) सोडून या विषयात पोटापाण्याचं काय? ताई रोज तेच विचारते. खरं सांगायचं तर मलाही उत्तर हवंय.