जमीन वापराचे नियमच बदलायचे असतील तर लोकांना नेमकं कधी विचारायचं?

पारावरचा:
नियोजनाचा कायदा सुधारायचा म्हटलं की हल्ली कुठेही एकच सूर लागतो, परवानग्या रखडतात, हरकतींमुळे कामं अडतात, तर हरकतीच कमी करा. इंग्लंडमध्ये 2020 ला सरकारने तेच मांडलेलं. सगळ्या जमिनीचे तीन भाग, वाढीचा, नूतनीकरणाचा आणि संरक्षित, लोकांनी काय ते आराखडा बनताना बोलून घ्यायचं आणि मग वाढीच्या पट्ट्यात तत्त्वतः मंजुरी आधीच मिळालेली, म्हणजे शेजारी प्रत्यक्ष इमारत उभी राहायची वेळ येते तेव्हा बोलायला फारशी जागाच नाही. जोरदार विरोध झाला, जून 2021 च्या पोटनिवडणुकीत चेशम आणि अमरशॅम या मतदारसंघाची हक्काची सीट सत्ताधाऱ्यांनी घालवली त्यात हा मुद्दा होताच, आणि पुढे ती योजना त्या रूपात बारगळली. मला वाटतं मसुदा लिहायच्या आधीच लोकांना सोबत बसवायला हवं. एकदा मसुदा छापला की अधिकारी तो वाचवायच्या मागे लागतात, मग सुनावणी नुसती उरकली जाते.

गणितप्रेमी:
साफ असहमत. सुनावणीला येतं कोण ते बघा ना. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या नियोजन बैठकांची इतिवृत्तं संशोधकांनी तपासली तर बोलणाऱ्यांत वयस्कर, पुरुष आणि स्वतःचं घर असलेले जास्त निघाले, आणि बहुतेकांचा नव्या घरांना विरोध. भाडेकरू कामावर असतो. आणि जो अजून तिथे राहायलाच आलेला नाही, ज्याला घर परवडत नाही म्हणून लांब राहावं लागतंय, त्याची हरकत कोण नोंदवणार? लोकसहभाग म्हणताय तो प्रत्यक्षात आधी पोचलेल्यांचा नकाराधिकार आहे.

रानवारा:
मग जे येत नाहीत त्यांना आणा की, जे येतात त्यांचं तोंड का बंद करायचं? सुनावणी भर दुपारी, नकाशा असा की सर्व्हे नंबर सापडता सापडत नाही, नोटीस कुठल्यातरी कोपऱ्यात, आणि वर म्हणायचं लोकांना रस नाही. अमेरिकेतल्याच ओरेगन राज्याने 1973 च्या नियोजन कायद्यानंतर राज्यभर जी नियोजनाची ध्येयं ठरवली त्यात पहिलंच लोकसहभागाचं आहे आणि घरांचंही वेगळं ध्येय त्याच यादीत आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

गणितप्रेमी:
ओरेगनचंच घ्या मग. एवढा सहभाग असून शहरांनी मोठमोठे पट्टे फक्त स्वतंत्र बंगल्यांसाठी राखून ठेवलेच ना? शेवटी 2019 मध्ये राज्याला वरून कायदा करावा लागला की 25 हजारांवर वस्ती असलेल्या शहरांत अशा पट्ट्यांतही चार घरांपर्यंतच्या इमारती चालतील. गल्लीत विचारत बसले असते तर हे कधीच झालं नसतं.

रानवारा:
तो कायदा निवडून आलेल्या विधिमंडळाने उघड चर्चा करून केला. बंद खोलीत नाही केला.

उनाड:
दोघांनाही पटेल असा एक मार्ग आहे. टोरांटोने 2015 मध्ये चिठ्ठ्या काढून 28 रहिवासी निवडले, शहराच्या लोकसंख्येशी मेळ बसेल असे, भाडेकरूही घेतले, त्यांना आधी विषय शिकवला आणि मग नियोजनावर मत मागितलं. जो मोठ्याने बोलतो त्याचंच चालतं हा प्रकार तिथे बराच कमी होतो.

पारावरचा:
कल्पना चांगली आहे पण ते मंडळ सल्ला देणारंच. लोकसहभागावर लिहिणाऱ्या शेरी आर्नस्टीनने 1969 मध्ये सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या त्यात सल्लामसलत चौथी, आणि तीसुद्धा तिने दिखाऊ गटात टाकलीय, कारण ऐकलेलं मानायचं बंधन कुणावरच नाही. म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे, प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर, मान्य केला तर मसुद्यात काय बदललं आणि नाही केला तर का, आणि हे सगळ्यांना वाचता येईल असं. भाडेकरू संघटनांकडे, कामगार वस्त्यांत संध्याकाळी स्वतः जाऊन विचारा, गणितप्रेमींचा मुद्दा तिथे मला पूर्ण मान्य आहे.

गणितप्रेमी:
लेखी उत्तराला माझी हरकत नाही, उलट हवंच. पण एकदा आराखडा ठरला, त्यात घरांची संख्या ठरली, की नियमात बसणाऱ्या प्रत्येक इमारतीवर पुन्हा तीच लढाई नको. तिथे माघार घेणार नाही मी.

रानवारा:
आणि आराखडा वीस वर्षांचा असेल तर? दहाव्या वर्षी राहायला आलेल्या माणसाने कुठे बोलायचं? दर पाच वर्षांनी तो उघडून फेरविचार करायचं बंधन कायद्यात घाला, मग बघू.