पाकीट मारलं, क्रेडिट कार्ड गेलं, अ‍ॅपमधून लॉक केलंय... एवढं पुरे का?

गोंधळलेला_जीव:
मंडळी घाईत टाइप करतोय, चुका पदरात घ्या. काल संध्याकाळी गर्दीत पाकीट मारलं गेलं, आत क्रेडिट कार्ड होतं. मला कळलं तासाभराने, तोवर तीन मेसेज येऊन पडले होते, पहिला अगदी चिल्लर रकमेचा आणि मग लागोपाठ दोन मोठे. लगेच अ‍ॅपमधून कार्ड लॉक केलं, बँकेला फोन अजून केला नाहीये. लॉक केलं म्हणजे झालं ना? आणि पिन तर कुणालाच माहीत नाही, मग पैसे गेले कसे?

हिशेबनीस:
आधी फोन लावा, मग पुढचं वाचा.

लावला? बरं. लॉक आणि ब्लॉक वेगळं. लॉक ही नुसती वरची कडी, कार्ड घरातच कुठेतरी असेल असं वाटतं तेव्हा ठीक आहे. तुमचं चोरीलाच गेलंय तर ते कायमचं बंद करून नवीन नंबरचं मागवा. मी काही वर्षं कार्डांच्या तक्रारी बघायचं काम केलंय, लोक लॉक करून निवांत बसायचे आणि चार दिवसांनी कळवायचे, मग सगळी भांडणं त्या चार दिवसांवरून. नुकसान कुणी सोसायचं हे बरंचसं तुम्ही बँकेला कधी कळवलंत यावर ठरतं. म्हणून तक्रार क्रमांक आणि फोनची वेळ लिहून घ्या, आणि आजच तेच सगळं ईमेलने पण पाठवा.

दुसरं म्हणजे कार्ड ब्लॉक केल्याने आधी झालेले व्यवहार रद्द होत नाहीत!! त्या तिन्हींसाठी डिस्प्यूट, म्हणजे हा व्यवहार मी केलेलाच नाही अशी बँकेकडे तक्रार, वेगळा टाकावा लागतो. चिल्लरवाला पण सोडू नका, तो कार्ड चालू आहे की नाही हे चाचपायला केलेला असतो.

पिनचं म्हणाल तर टॅप करून छोट्या रकमेला तो लागत नाही, आणि ऑनलाइन काही ठिकाणी नंबर, तारीख आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही एवढ्यावर काम होतं. हे तिन्ही कार्डवरच छापलेलं.

खवचट_काकू:
पिनची चिठ्ठी पाकिटात नव्हती ना? हसू नका, आमच्या घरातल्या एका हुशार माणसाने ठेवली होती, आणि मग बँक म्हणाली निष्काळजीपणा तुमचा. पोलिसांत पण तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या, चोर सापडेल म्हणून नाही हो, डिस्प्यूटला जोडायला मागतात. पाकिटात ओळखपत्र असेल तर तेही तक्रारीत लिहा, आणि पुढचे काही महिने आपल्या नावावर कुणी कर्ज काढलं नाही ना हे क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद असते त्यात, बघत राहा.

रात्रपाळी:
एक राहिलं, ऑटो पेमेंट. नवीन नंबर आला की जुन्यावर लावलेली बिलं अडकतात, त्यामुळे यादी करून ठेवा. पण उलटंही होतं, व्हिसा मास्टरकार्डची अशी सोय आहे की काही कंपन्यांकडे नवीन नंबर आपोआप पोचतो, त्यामुळे कार्ड बदललं म्हणजे नको असलेलं सबस्क्रिप्शन सुटलं असं धरून चालू नका, मी तसं धरलं होतं आणि वर्षभर एका अ‍ॅपला पोसत बसलो.

गोंधळलेला_जीव:
अपडेट: कार्ड ब्लॉक झालं, डिस्प्यूट टाकला, ईमेल केला. आणि ऐका, आज दुपारी एकाचा फोन, म्हणे बँकेतून बोलतोय, तुमचे पैसे परत करायचेत, आलेला ओटीपी सांगा. त्याला माझं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, सगळं माहीत! मी पहिले दोन आकडे सांगून पण बसलो होतो, मग ट्यूब पेटली आणि फोन कापला.

हिशेबनीस:
नाव आणि आकडे त्याला तुमच्याच कार्डावरून मिळाले असतील की. पैसे परत करायला ओटीपी लागतच नाही, ओटीपी तुमच्याकडून पैसे काढून घ्यायला लागतो. हा फोन आल्याचंही बँकेला कळवा, आणि त्यासाठी नंबर जुन्या स्टेटमेंटवरचा घ्या, सर्च करून पहिला दिसेल तो नको, खोटे कस्टमर केअर तिथेच दबा धरून बसलेले असतात.

गोंधळलेला_जीव:
कळवतो. शेवटचं विचारतो, बिल पुढच्या आठवड्यात येतंय, त्यात ते तिन्ही व्यवहार दिसणारच. सगळं भरू की काहीच नको?

हिशेबनीस:
काहीच न भरणं ही घोडचूक, लेट फी आणि व्याज दोन्ही लागेल. तुमचा स्वतःचा खर्च तारखेच्या आत भरा, आणि वादातली रक्कम तपास होईपर्यंत बँक बाजूला ठेवणार का, तिच्यावर व्याज लावणार का, हे बँकेकडून लेखी मागवा. तोंडी हो म्हणाले तर त्याच ईमेलवर लिहा, आत्ता फोनवर असं असं सांगितलंत, बरोबर ना.