घरबसल्या दुसरं बी.टेक. करू का?

चाकणचा_मेक: मंडळी, सल्ला हवाय. मी 2015 चा मेकॅनिकलचा बी.ई., चाकणला मेंटेनन्सला आहे. आमच्या लाइनवर आता निम्मं काम सेन्सर आणि ड्राइव्हचं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचं. बेल्ट गेला, बेअरिंग वाजलं तर मी बघतो. पॅनेलचं दार उघडलं की मात्र बाजूला होऊन इलेक्ट्रिकलच्या माणसाची वाट बघत उभा राहतो. ते उभं राहणं आता सहन होत नाही. एक सल्लागार म्हणतो, दूरशिक्षणानं इलेक्ट्रॉनिक्सचं बी.टेक. करा, आधीची डिग्री आहे म्हणून दोनच वर्षं, फक्त परीक्षेला जायचं. फी दीड लाख. अर्ज आणून ठेवलाय. भरू का?

सांगवीकर: नका भरू. माझ्या थोरल्या भावानं डिप्लोमानंतर 2006 ला असाच प्रवेश घेतला होता. शिफ्ट सांभाळून रात्री अभ्यास, चार वर्षं एकही सण धड केला नाही. पदवीवर बढती मिळाली. मग 3 नोव्हेंबर 2017 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेची, मंजुरी न घेता अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनी दूरशिक्षणानं दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या चालणार नाहीत. 2001 ते 2005 च्या प्रवेशांना निदान परीक्षा देऊन पदवी वाचवायची सोय ठेवली, पुढच्यांना तीही नाही. हॉलमधली फ्रेम आईनं एका दुपारी काही न बोलता उतरवली. खिळा अजून तसाच आहे.

कोथरूडची_ताई: वाचून पोटात कालवलं. पण यात दूरशिक्षणाचा काय दोष? फसवलं ते मंजुरीविना दुकान मांडणाऱ्यांनी. माझं बारावीनंतर लग्न झालं. पुढे दोन मुलं सांभाळून मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. झाले. ते विद्यापीठ 1989 साली निघालं नसतं तर मी आज नोकरीत नसते. सकाळी सहाच्या शिफ्टला जाणाऱ्यानं शिकायचंच नाही का?

टेस्टबेंच_भोसरी: ताई, तुमच्या जिद्दीला मनापासून नमस्कार, पण बी.कॉम. आणि इलेक्ट्रॉनिक्स एका तराजूत नाही तोलता येत. कॉलेजात असताना मी स्कोपच्या, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या, प्रोबची ग्राउंड क्लिप थेट मेन्सवर (सॉकेटच्या विजेवर) चालणाऱ्या सर्किटला लावली होती. फाट्कन आवाज, ठिणगी, आणि क्लिपचं टोक वितळून काळं. ती क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. कळलं त्या दिवशी, सर शेजारी उभे होते म्हणून. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2020 च्या नियमांत इंजिनिअरिंगला दूरशिक्षणातून वगळलंय ते बरोबरच केलं. 2022 पासून एका वेळी दोन पदव्या करायची मुभा आहे, तिचा आधार हे सल्लागार देतात. पण जी पदवी दूरशिक्षणानं देताच येत नाही, ती दुसरी म्हणून तरी कशी देणार?

कोथरूडची_ताई: मग आयआयटी मद्रासचं काय? 2023 पासून त्यांचा इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचा बी.एस. चालू आहे. व्याख्यानं घरी ऐकायची, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, काही प्रॅक्टिकलना मद्रास गाठायचं. म्हणजे जमतं, जमवणारा हवा! आपल्याकडे शिवाजीनगरचं सीओईपी, पुण्यातलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, 1854 पासूनचं आहे. अशा कॉलेजांनी रविवारी नोकरदारांसाठी लॅब का उघडू नयेत? नोकरदारांच्या सोयीच्या वेळी वर्ग भरवायला एआयसीटीईनं मान्यता दिलेलीच आहे. बंदी घालणं सोपं असतं हो. दार उघडायला कुणी पुढे येत नाही, माझा राग त्यावर आहे.

टेस्टबेंच_भोसरी: लॅब उघडा, हे शंभर टक्के मान्य. पण ते बी.एस. आहे, बी.टेक. नाही, आणि तिथे तसं उघड सांगतात. इथे दोन वर्षांत बी.टेक. म्हणून विकलं जातंय. शिवाय याला दुसरी पदवी हवीच कशाला? एक आहे की. याला पॅनेल उघडता यायला हवंय.

कोथरूडची_ताई: हे तुम्ही बोलू शकता, तुमच्याकडे त्या शाखेची पदवी आहे. मुलाखतीला बोलावताना कागदच बघतात. आठ वर्षं हिशेब लिहूनही माझा पगार बी.कॉम. झाल्यावरच वाढला.

सांगवीकर: कागद बघतात म्हणूनच तो खरा हवा. मंजुरीचं पत्र मागा. तोंडी काही ऐकू नका.

चाकणचा_मेक: आज मागितलं. "ॲडमिशन तर घ्या, पत्र मागाहून येईल," म्हणाले. अर्ज परत देऊन आलो. ताई, मद्रासचं बघतोय. बारावीला फिजिक्स, मॅथ्स होतं. पण ते वर्षानुवर्षांचं काम, आणि पॅनेल उद्याही उघडायचंय. रविवारी स्कोप हातात घेऊ देईल असं कुणी पिंपरी-चिंचवडमध्ये आहे का?

टेस्टबेंच_भोसरी: रविवारी दहाला माझ्या वर्कशॉपवर या, पत्ता निरोपातून पाठवतो. चपला नकोत, बूट घाला. आणि हातातली अंगठी घरी ठेवून या.